सभेत बसलेला साक्षी

सांख्य दर्शनाने पाहण्याला फार मोठे सामर्थ्य दिले आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतला पुरुष साक्षी आहे, मध्यस्थ आहे, द्रष्टा आहे आणि अकर्ता आहे. तो काही करत नाही, फक्त पाहतो. प्रकृती मात्र रंगमंचावरच्या नर्तकीसारखी त्याच्यापुढे नाचते आणि आपण पाहिले गेलो एवढे कळताच थांबते. तिला कोणी अडवत नाही, दटावत नाही. पाहिले जाणे तिला पुरते. मुंडकोपनिषदातले एकाच झाडावरचे दोन पक्षी, एक फळ खाणारा आणि दुसरा न खाता नुसता पाहणारा, हेही याच कुळातले चित्र आहे. आपल्याकडे साक्षीभाव हा शब्द आदरानेच उच्चारला जातो आणि अध्यात्माच्या क्षेत्रात तो आदर सार्थ आहे. पण आत्म्यासाठी घडवलेली ही कल्पना राष्ट्रांच्या आणि संस्थांच्या व्यवहारात उतरली तर काय होते, हे तपासण्याची वेळ आता आली आहे. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या जंगलांवर आज शेकडो किलोमीटर उंचीवरून अखंड नजर आहे. ती नजर ठेवण्यासाठी श्रीमंत आणि गरीब देशांनी आपसांत करार केले आहेत, आणि त्या करारांच्या मुळाशी सांख्यांच्या नर्तकीवरचीच श्रद्धा आहे: तोड दिसली की तोड थांबेल.

ही नजर किती तीक्ष्ण झाली आहे, ते आधी नीट पाहायला हवे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये वर गेला. आजच्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा तीस मीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा, आपल्या मोजणीत जवळपास नऊ गुंठे. २००८ मध्ये ही चित्रे सर्वांसाठी मोफत खुली झाली आणि तेव्हापासून जंगलांचा जागतिक हिशेब मांडणे शक्य झाले. मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये साऱ्या पृथ्वीचा असा नकाशा प्रसिद्ध केला. २००० ते २०१२ या काळात तेवीस लाख चौरस किलोमीटरवरची झाडी गेली आणि आठ लाख चौरस किलोमीटरवर नवी आली, असे त्यातून निघाले. पुढच्याच वर्षी ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ हे खुले व्यासपीठ सुरू झाले. उष्णकटिबंधात ढग ही मोठी अडचण असते. त्यावर जपानने उपाय काढला: ढगांतून आरपार जाणाऱ्या रडारलहरींनी जंगल टिपून दर दीडेक महिन्याला तोडीच्या सूचना देणारी यंत्रणा जपानच्या अंतराळसंस्थेने आणि मदतसंस्थेने मिळून २०१६ मध्ये उभी केली. २०२० मध्ये नॉर्वे सरकारने खासगी कंपन्यांशी करार करून साऱ्या उष्णकटिबंधाची, पाच मीटरपेक्षाही बारीक तपशील दाखवणारी मासिक चित्रे विकत घेतली आणि कोणालाही फुकट पाहता येतील अशी ठेवली. युरोपचे सेंटिनेल उपग्रह, चीन आणि ब्राझील यांनी १९८८ च्या करारानुसार मिळून बनवलेले उपग्रह, आणि २८ फेब्रुवारी २०२१ रोजी आपल्या पीएसएलव्ही-सी५१ ने श्रीहरिकोट्याहून सोडलेला ब्राझीलचा अमेझोनिया-१ हेही याच कामाला आहेत. मानवजातीने एखादी गोष्ट इतक्या जणांनी मिळून, इतक्या बारकाईने, इतका काळ पाहिल्याची उदाहरणे थोडीच असतील. आणि तरीही २०२४ या एका वर्षात उष्णकटिबंधातले ६७ लाख हेक्टर प्राथमिक जंगल नष्ट झाले. या शतकाच्या सुरुवातीपासून ठेवलेल्या नोंदीतला तो उच्चांक आहे. त्यातला सर्वांत मोठा वाटा आगींचा होता, आणि त्या आगीही आपल्याला वरून लागल्या लागल्या दिसत होत्या.

नर्तकी थांबली नाही. सांख्यांचे मत इथे चुकले असे म्हणण्यापेक्षा, ते जिथे लागू नाही तिथे आपण ते लावले, असे म्हणणे न्यायाचे होईल. पुरुष अकर्ता का ठरतो? त्याला देह नाही, भूक नाही, गुण त्याला चिकटत नाहीत, म्हणून. पाहिल्यावर त्याच्यावर काही बंधन येत नाही, कारण घडणाऱ्या गोष्टीत त्याचा काही भाग नसतो. नॉर्वे, जपान, युरोपीय संघ, अमेरिका, चीन, भारत यांपैकी कोणालाही ही व्याख्या लागू पडत नाही. यांना देह आहे आणि मोठी भूक आहे. जंगल साफ करून काढलेले सोयाबीन, पामतेल, गोमांस, कोको, रबर आणि लाकूड या राष्ट्रांच्याच बंदरांत उतरते. मुंडकातला पाहणारा पक्षी फळ खात नाही, म्हणून त्याचे पाहणे निर्लेप. इथे पाहणारा आणि खाणारा एकच आहे. म्हणून या भागीदाऱ्यांचा नैतिक विचार करायचा, तर साक्षी कोण याची वेगळी कल्पना हाताशी हवी. तीही आपल्या परंपरेत आहे, फक्त ती उपनिषदांत नसून महाभारताच्या सभापर्वात आहे.

द्यूतसभेत द्रौपदीवर जे गुदरले, ते काळोखात घडले नाही. भीष्म पाहत होते, द्रोण पाहत होते, धृतराष्ट्र डोळ्यांनी नव्हे तरी कानांनी सारे जाणत होता, देशोदेशीचे राजे पाहत होते. ‘पाहिले गेल्यावर थांबते’ हा सिद्धान्त खरा असता, तर दुःशासनाचा हात त्या दरबारात सर्वांत आधी थांबायला हवा होता. तो थांबला नाही, कारण पाहणाऱ्यांची नजर मुकी होती आणि मुकेपणाचा अर्थ त्याने संमती असा लावला. त्या प्रसंगी विदुराने प्रल्हादाच्या कथेच्या आधाराने जो हिशेब मांडला, तो मला आपल्या नीतिविचारातला अत्यंत धारदार हिशेब वाटतो. सभेत निंद्य कृत्य घडत असताना सभासद त्याची निंदा करत नसतील, तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, एक चतुर्थांश करणाऱ्याकडे आणि एक चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे. निंदा झाली तर मात्र प्रमुख आणि सभासद मोकळे होतात आणि सारे पाप करणाऱ्याच्या माथी जाते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेतल्या अधर्माचे वाटे पाडले आहेत ते थोडे वेगळे, पण तिथेही करणारा, सभासद आणि राजा यांच्याबरोबर साक्षीदाराला चौथा भाग दिलेला आहे. धर्मशास्त्राचा हा साक्षी सांख्यांच्या साक्षीहून अगदी निराळा आहे. याचे पाहणे हेच याचे बंधन. सभेत आलात, पाहिलेत, म्हणजे वाटेकरी झालात; त्यातून सुटण्याचा मार्ग डोळे मिटण्याचा नाही, बोलण्याचा आहे. माझे म्हणणे असे, की जंगलांवर उपग्रहांची नजर ठेवणाऱ्या राष्ट्रांचे स्थान या सभेत आहे. त्यांच्या भागीदारीचे मूल्यमापन चित्रांच्या बारकाईवर न करता, पाहिल्यानंतर कोण काय बोलले आणि कोणी आपला वाटा मान्य केला, यावर झाले पाहिजे.

याला भक्कम आधार ब्राझीलच्या अनुभवात सापडतो. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था इन्पे १९८८ पासून दरवर्षी अमेझॉनच्या तोडीचा हिशेब ठेवते. पहिली सोळा वर्षे हा हिशेब वर्ष संपल्यावर हाती येई, म्हणजे झाड पडून गेल्यावर. २००४ या एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल गेले. त्याच वर्षी मरिना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना तोड रोखण्याची राष्ट्रीय योजना आली आणि तिच्या जोडीला डेटेर ही यंत्रणा सुरू झाली. तिच्यामुळे तोडीची खबर थोड्या दिवसांत पर्यावरण खात्याच्या पथकांपर्यंत पोहोचू लागली. २०१२ पर्यंत वार्षिक तोड ४,५७१ चौरस किलोमीटरवर आली. हे एकट्या उपग्रहांचे यश नाही. राखीव क्षेत्रे वाढली, आदिवासींच्या जमिनींना मान्यता मिळाली, नियम मोडणाऱ्यांचे कर्ज अडवले गेले, काही काळ सोयाबीन आणि गोमांसाचे भावही उतरले होते. पण उपग्रहांचा वाटा वेगळा काढून दाखवणारा एक पुरावा ब्राझिलियन अर्थतज्ज्ञांनी मोठ्या कौशल्याने शोधला. त्यांनी ढगांकडे पाहिले. ज्या वर्षी ज्या तालुक्यावर ढग जास्त होते, तिथे तोड उपग्रहाला कमी दिसली, म्हणून तिथे दंड कमी झाले, आणि पुढच्या वर्षी तिथेच तोड वाढली. या पुराव्यातला मधला दुवा महत्त्वाचा आहे. ढगाने नजर अडवली तेव्हा दंड अडला, आणि दंड अडला म्हणून जंगल गेले. नजर परिणामकारक होती ती दंडाच्या द्वारे. सभासद पाहून बोलत होते, म्हणून हात थांबत होता.

याच देशाने पुढे उलट बाजूही दाखवली. २०१९ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी इन्पेचे आकडे खोटे आहेत असे परदेशी पत्रकारांसमोर सांगितले आणि संस्थेचे संचालक रिकार्डो गाल्व्हाओ कोणा स्वयंसेवी संस्थेसाठी काम करत असावेत असे सुचवले. गाल्व्हाओ हे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी जाहीर उत्तर दिले आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांना पद सोडावे लागले. त्या वर्षीचा अंतिम आकडा १०,१२९ चौरस किलोमीटर निघाला, आणि २०२१ मध्ये तो १३,०३८ वर गेला. या काळात एकही उपग्रह बंद पडला नव्हता. डेटेरच्या सूचना पूर्वीसारख्याच निघत होत्या, चित्रे पूर्वीपेक्षा स्वच्छ होती. बदलले ते एवढेच, की सूचना वाचून जंगलात जाणाऱ्या पथकांची ताकद काढून घेतली गेली. २०२३ मध्ये सरकार बदलले, मरिना सिल्वा परत आल्या, आणि २०२४ पर्यंत वार्षिक आकडा ६,२८८ वर आला. वर-खाली होणाऱ्या या आलेखात उपग्रह सगळीकडे सारखाच हजर आहे. ज्याच्या असण्याने किंवा नसण्याने फरक पडला, ती गोष्ट सभेचा आवाज ही होती.

गाल्व्हाओ यांच्या उदाहरणावरून एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. वैज्ञानिकाची विश्वासार्हता त्याच्या तटस्थतेत असते. मोजणाऱ्यानेच निंदाही करावी अशी अपेक्षा ठेवली, तर मोजमाप संशयास्पद होईल, आणि बोल्सोनारो यांनी केलेला आरोपच जणू खरा ठरेल. इन्पेच्या आकड्यांना जगात मान आहे तो त्यात कोणाची बाजू मिसळलेली नाही म्हणून. हे मान्य आहे. मात्र तटस्थता मोजण्याच्या पद्धतीची असते. मोजणाऱ्या माणसाला ती आपोआप लागू होत नाही, आणि त्याला पैसे पुरवणाऱ्या राष्ट्राला तर मुळीच नाही. ठिपका हिरवा की तपकिरी, हे ठरवताना शास्त्रज्ञाला राग-लोभ नसावा, हे त्याचे कर्तव्य. पण ठिपका तपकिरी आहे हे ठरल्यावर कोणी त्याला हिरवा म्हणू लागले, तर गप्प राहणे ही तटस्थता उरत नाही. द्यूतसभेत विकर्ण हा कौरवांपैकीच एक होता, धाकटा होता, आणि कर्णाने त्याला फटकारले. तरीही द्रौपदीच्या प्रश्नाला त्याने उघड उत्तर दिले. कोणाचा पक्ष घ्यायचा म्हणून तो बोलला नाही. तिला पणाला लावण्याचा अधिकार युधिष्ठिराला उरला होता का, या प्रश्नाचे उत्तर जसे त्याला दिसले तसे त्याने सांगितले. गाल्व्हाओंनी केले ते याच जातीचे. मोजमाप निर्लेप असल्यामुळेच साक्ष वजनदार होते, आणि साक्ष ही कृती आहे.

आता खाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते या भागीदाऱ्यांचा सर्वांत कच्चा भाग तिथे आहे. नॉर्वेने २००८ पासून उष्णकटिबंधातल्या जंगलांसाठी जेवढा पैसा दिला, तेवढा देणारे देश विरळा. ब्राझीलच्या अमेझॉन निधीला त्याने एक अब्ज डॉलरचे वचन दिले आणि तोड कमी झाल्याच्या उपग्रहीय पुराव्यावर पैसे मोजले. ही उदारता खरी आहे, तिच्यामुळे गोरगरीब देशांतल्या संशोधकांच्या हाती चित्रे आली, आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण नॉर्वेची संपत्ती समुद्रातून काढलेल्या खनिज तेलाची आणि वायूची आहे, आणि तेच जळून तापलेल्या हवेत अमेझॉन कोरडे पडते आहे. युरोपच्या कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात दक्षिण अमेरिकेचे सोयाबीन आहे. चीन त्याचा सर्वांत मोठा ग्राहक आहे. विदुराच्या हिशेबात अर्धा वाटा करणाऱ्याला न देता सभेच्या प्रमुखाला दिला आहे, याचा अर्थ इथे उलगडतो. करवत चालवणारा मजूर हा करणारा. त्याच्याकडे एक चतुर्थांश. ज्यांच्या सत्तेने आणि ज्यांच्या मागणीने ते घडते, त्यांच्याकडे त्याच्या दुप्पट. उपग्रहाच्या चित्रात मात्र नेमका तो चतुर्थांशवालाच दिसतो. तोडलेल्या जमिनीचे अक्षांश-रेखांश कळतात. त्या जमिनीवरचे पीक ज्या ताटात गेले, त्या ताटाचे अक्षांश-रेखांश कळत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की हा आरोप अतिरेकी आहे. अमेझॉनमधल्या तोडीचे पहिले कारण गुरांची कुरणे आहेत आणि ब्राझीलचे बहुतेक गोमांस ब्राझीलमध्येच खाल्ले जाते. हे खरे आहे. म्हणूनच सगळे पाप परदेशी ग्राहकावर ढकलणे हेही विदुराच्या विरुद्ध होईल; वाटे पाडण्याचे मोल याच्यातच आहे, की कोणी पूर्ण सुटत नाही आणि कोणी एकटा बुडत नाही. ब्राझीलचे स्वतःचे शहरी ग्राहक आणि स्वतःची जमीनदार मंडळी यांचा वाटा मोठा आहेच. मी एवढेच म्हणतो, की पाहणाऱ्या राष्ट्राने आपला वाटा, तो जेवढा असेल तेवढा, त्याच चित्राच्या आधारे मोजून जाहीर करावा. युरोपीय संघाने या दिशेने एक पाऊल टाकले. २०२३ मध्ये त्याने असा कायदा केला, की गुरे, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड यांपासूनचा माल ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा असेल तर युरोपच्या बाजारात येणार नाही, आणि माल आणणाऱ्याने तो पिकलेल्या जमिनीचे स्थान सांगावे. उपग्रहाची नजर जंगलाकडून ताटाकडे वळवण्याचा हा प्रयत्न आहे. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली गेली. दुसऱ्याकडे रोखलेली नजर स्वतःकडे वळवणे किती जड जाते, याचा हा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप उष्णकटिबंधातल्या देशांचा आहे आणि तो जुना आहे: आमच्या जमिनीकडे पाहण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? १९७० च्या दशकात ब्राझील आणि अर्जेंटिना यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली होती, की दुसऱ्या देशाच्या भूमीची अवकाशातून टेहळणी करायची तर त्या देशाची आधी संमती घ्यावी. १९८६ मध्ये आमसभेने दूरसंवेदनाची जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत संमतीची अट आली नाही. ज्या देशाचे चित्र घेतले त्याला ते भेदभाव न करता, वाजवी किमतीत मिळावे, एवढे मान्य झाले. ज्यांनी शतकानुशतके आपली खाणीतली आणि रानातली संपत्ती परक्यांच्या जहाजांतून जाताना पाहिली, त्यांना वरून रोखलेला परका डोळा संशयास्पद वाटला, तर त्यात नवल नाही. आणि न्यायाचा प्रश्न याहून खोल जातो. वर्षातून दोन एकर जाळून, पेरून, मग ती जमीन पुन्हा रानाला सोडणारे फिरत्या शेतीचे कुटुंब आणि दोन हजार हेक्टर कायमचे उजाड करणारा पशुपालक, या दोघांच्या खुणा वरून पाहता आकारानेच काय त्या वेगळ्या. दंड मात्र ज्याला वकील परवडत नाही त्याच्यावर आधी पडतो.

या आक्षेपाला तात्त्विक उत्तर पुरेसे नाही. उत्तर द्यायचे तर चित्र कोणाच्या हातात पडते हे पाहिले पाहिजे. पेरूच्या लोरेतो प्रांतात आदिवासींच्या ७६ गावांत एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत आले. चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी यांतली ३६ गावे निवडली होती. इंटरनेट नसलेल्या त्या गावांपर्यंत तोडीच्या सूचना आणि चित्रे पेनड्राइव्हवर घालून नदीतून होडीने पोहोचवली जात. गावाने नेमलेली माणसे ती फोनवर घेऊन त्या जागी जात, खात्री करत, आणि मग काय करायचे ते गावाची सभा ठरवी: तोडणाऱ्याला समजावायचे, हाकलायचे की सरकारी यंत्रणेला कळवायचे. पहिल्या वर्षी या गावांतली झाडतोड इतर गावांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी कमी राहिली, दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी. उपग्रह तेच, चित्रे तीच. पण इथे ज्यांचे जंगल, त्यांच्याच सभेत ती मांडली गेली, आणि त्या सभेला बोलण्याचा अधिकार होता. दुसऱ्या वर्षी परिणाम ओसरला हेही नोंदवले पाहिजे. सभेला सतत बळ लागते, एकदा दिलेले चित्र पुरत नाही. पाळतीचे रूपांतर राखणीत होऊ शकते, आणि ते होण्याची अट संमतीपत्राहून मोठी आहे: पाहिलेल्यावर निर्णय घेण्याची सत्ता तिथल्या माणसांकडे असावी.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. नजर ठेवली की चोर शहाणा होतो. डेटेरला सुरुवातीला पंचवीस हेक्टरपेक्षा लहान तोड दिसत नसे, आणि काही वर्षांतच ब्राझीलमध्ये तोडीचे तुकडे त्याहून लहान होत गेले. अमेझॉनवर पहारा कडक झाला तेव्हा शेजारच्या सेहादो या सव्हाना प्रदेशावर दबाव राहिला. २०२३ मध्ये अमेझॉनमधली तोड ९,०६४ चौरस किलोमीटरवर उतरली असताना, आकाराने त्याच्या निम्म्याहूनही लहान असलेल्या सेहादोत ११,००० चौरस किलोमीटरहून अधिक झाडी गेली. तोडीच्या तत्काळ सूचनांचा बावीस देशांत काय परिणाम झाला, याच्या २०२१ च्या अभ्यासातही चित्र संमिश्र आहे. आफ्रिकेत जिथे कोणी या सूचनांची नोंदणी करून त्या घेत होते, तिथे तोडीची शक्यता १८ टक्क्यांनी घटली. दक्षिण अमेरिकेत आणि आशियात असा ठळक परिणाम आढळला नाही. हे सारे माझ्या म्हणण्याला बाध आणत नाही, उलट ते अधिक स्पष्ट करते. सूचना आकाशात तरंगत असतात. कोणीतरी त्या मागून घ्याव्या लागतात. आणि सेहादोचे उदाहरण सांगते, की नजर कुठे वळवायची हाही निर्णय असतो. घनदाट वर्षावनावर जगाचे प्रेम आहे, त्याची छायाचित्रे देखणी येतात. खुरट्या झाडांच्या, गवताच्या, जमिनीखाली खोल मुळे सोडलेल्या सव्हानाला तो मान मिळत नाही. तिची ‘जंगल’ या व्याख्येत गणनाच न झाल्याने युरोपच्या कायद्यातूनही तिचा मोठा भाग निसटतो.

व्याख्येचा हा प्रश्न आपल्या दारातही आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून उपग्रहचित्रांवरून देशाचे वनाच्छादन मोजते. एक हेक्टरहून मोठा तुकडा, त्यावर झाडांच्या शेंड्यांची दहा टक्के सावली, एवढे असले की ते वन. मग मालक कोणीही असो, झाडे कोणतीही असोत. या मोजपट्टीने दोडामार्गातली रबराची लागवड आणि कोकणातली काजूची बाग वनाच्छादनात बसते. गावाच्या वेशीवर पिढ्यान्‌पिढ्या राखलेली काही गुंठ्यांची देवराई मात्र या पट्टीत बसत नाही, मग तिथे इतरत्र नामशेष झालेले वृक्ष आणि वेली का असेनात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तो पायी हिंडून आणि गावकऱ्यांशी बोलून. तिथे जंगल टिकले ते तिथल्या देवाच्या नजरेखाली ते असल्याच्या श्रद्धेने, आणि ती श्रद्धा मोडणाऱ्याला जाब विचारणाऱ्या गावाच्या धाकाने. देवाचे पाहणे आणि गावाचे बोलणे तिथे एकमेकांपासून तुटलेले नव्हते. वरून दिसणारे जंगल आतून पोकळही असू शकते: शेंडे हिरवे, पण धनेश गेलेला, शिकारीने हरणे संपलेली, मोठ्या बिया पसरवणारे कोणी न उरलेले. हे ओळखायला तिथे राहणारे डोळे लागतात. उपग्रहाची मर्यादा म्हणून मी हे सांगत नाही. पुढच्या उपग्रहांना याहून बारीक दिसेल. पाहणाऱ्याने आपण काय मोजायचे ठरवले आहे, याचीही जबाबदारी त्याच्यावर येते, म्हणून सांगतो.

या सभेत भारताची जागा आता बदलली आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार हा उपग्रह गेला. इस्रो आणि नासा यांनी मिळून बनवलेला हा रडार उपग्रह ढगांतून आणि रात्रीच्या अंधारातूनही पाहतो, दर बारा दिवसांत पृथ्वीची जवळजवळ सारी जमीन दोनदा टिपतो, आणि त्याची लांब लहरींची नजर पानांच्या छतातून आत शिरून जंगलात किती लाकूड उभे आहे याचा अंदाज देते. ही माहिती सर्वांसाठी खुली ठेवायचे ठरले आहे. म्हणजे सुमात्रा आणि बोर्निओवरच्या जंगलांकडे पाहणाऱ्यांत आता आपणही आहोत, आणि या वेळी चित्र दुसऱ्याने दिलेले नाही. त्याच वेळी भारत हा जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश आहे, आणि त्यातले बहुतांश इंडोनेशिया आणि मलेशियातून येते. ते आपल्या बिस्किटांत आहे, साबणात आहे, फरसाणात आहे, हॉटेलातल्या कढईत आहे. स्वस्त असल्यामुळे ते गरिबाच्या घरात आधी पोहोचते, म्हणून त्याच्यावर सरसकट बंदी मागणे मला अन्यायाचे वाटते. पिकवणाऱ्यांतही लाखो लहान शेतकरी आहेत. पण हे तेल कोणत्या जमिनीवरचे आहे, ती जमीन पाच वर्षांपूर्वी काय होती, असे बंदरावर विचारणारा कायदा आपल्याकडे नाही. युरोपला तो प्रश्न विचारायला इतरांच्या चित्रांचा आधारही चालतो. आपल्याकडे तर स्वतःचा डोळा आहे, स्वतःचे शास्त्रज्ञ आहेत, आणि आयातीचा प्रत्येक टनाचा हिशेब सीमाशुल्क खात्याच्या दप्तरात आहे. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून आपला वाटा किती, हे दरवर्षी संसदेत मांडता येईल. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, दुसऱ्या देशाची परवानगीही लागत नाही.